ओसरीचा दुसरा खांब

मंगळवार, २२ एप्रिल

समोरच्या माळावरची शेवटची घर-गाडी आज गेली. थंडीपुरते येणारे ते कॅनडाचे नवराबायको. जाताना अर्धं पोतं बटाटे, सिरपची बाटली आणि एक छत्री आमच्या ओसरीवर ठेवून गेले. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात छत्री! आता ऑक्टोबरपर्यंत या रस्त्यावर आम्ही दोघंच, आणि दोन मैलांवर युसेबिओ.

मला हे दिवस आवडतात. कुणाला हसून दाखवावं लागत नाही.

डेल्मरने कूलरमधलं जुनं गवत काढून नवं भरलं. दुपारी पहिल्यांदा चालवला, ओल्या मातीचा वास घरभर. मग कॉफी ओतताना त्याने निम्मी कपाबाहेर ओतली. मी म्हटलं, "हात कापतोय का?" तर म्हणे, "कप सरकला." कप सरकला! सत्त्याहत्तर वर्षांचा झाला, पण चूक कधी याची नसते.

शनिवार, २६ एप्रिल

जेवणानंतर डेल्मर अंगणात खुर्ची टाकून बसला होता. बसला की डावा डोळा मिटून ओसरीच्या चार खांबांकडे बघत राहतो, जुनी सवय. हे घर त्यानेच बांधलंय, एक्क्याऐंशी साली, एकेक वीट स्वतःच्या हाताने लावून. माल कालवायला युसेबिओ होता आणि विटा द्यायला मी.

"मॅविस," तो म्हणाला, "दुसरा खांब फुगलाय."

मी बघितलं. मला तर होता तसाच दिसला. पण मी एकतीस वर्षं शाळेत मुलांचं जेवण रांधलं. सूप पातळ झालं की घट्ट, ते मला कळतं. भिंतीतलं मला काय कळणार? डेल्मरच्या डाव्या डोळ्यात एकोणिसाव्या वर्षी चुना उडाला, तेव्हापासून त्या डोळ्यापुढे धुकं आहे. पण उजवा असा, की कामावरचे गवंडी म्हणायचे, डेल्मर आला, ओळंबे पेटीत ठेवा.

तो फुगलाय म्हणतो, म्हणजे फुगला असणार.

बुधवार, ३० एप्रिल

सकाळी पाणसळ लावून बघितली. बुडबुडा बरोबर मधे, मी स्वतः बघितला. डेल्मर म्हणाला, पाणसळ जुनी झाली. गावात जाऊन नवी आणली. तिचाही बुडबुडा मधेच. "हल्ली कुणी काही धड बनवतच नाही," म्हणाला आणि ती खिडकीत टाकून दिली.

त्याचं म्हणणं असं की जमिनीखालचं पाणी आटत चाललंय, त्यामुळे पाया बसतोय. गावाच्या पलीकडे शेतांत मोठमोठ्या भेगा पडल्यात, हे खरंच आहे. छापूनही आलं होतं. हल्ली बातम्या मीच वाचून दाखवते. अक्षर बारीक केलंय म्हणतो.

रविवार, ४ मे

कॅरिनचा ओरेगॉनहून फोन. लेक एकुलती एक, पण बोलते सासूसारखी. "आई, बाबा घराबद्दल तिसऱ्यांदा तेच बोलले. डोकं ठीक आहे ना त्यांचं?" मी म्हटलं, तुझ्यामाझ्यापेक्षा ठीक आहे. फोन ठेवल्यावर मात्र ते डोक्यात राहिलं.

मागच्या मोठ्या निवडुंगाच्या माथ्यावर पांढरी फुलं आली. डेल्मर म्हणाला, "यंदा कवडे लवकर आले, बघ कसे ओळीने बसलेत." तिथे एकही कवडा नव्हता. मी काही बोलले नाही. बोलले असते तर तासभर वाद झाला असता आणि शेवटी मलाच कवडे दिसले असते.

शुक्रवार, ९ मे

डेल्मरने गाडी मागे घेताना टपालाची पेटी पाडली. ऊन डोळ्यावर आलं म्हणाला. सकाळचे सहा, गाडीचं तोंड पूर्वेला, मागे बघायचं ते पश्चिमेला. मी विचारलं, कुठलं ऊन? तर दिवसभर बोलला नाही.

रात्रीचं जेवण: घेवड्याची उसळ, टॉर्टिया, काकडी. त्याने मीठ दोनदा घातलं.

बुधवार, १४ मे

युक्ती करून त्याला गावातल्या दवाखान्यात नेलं. रक्तदाबाचं निमित्त सांगितलं होतं, खरं कारण म्हणजे कॅरिनचं बोलणं. नर्सला आधी कानात सांगून ठेवलं. तिने तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. डेल्मर दोनापर्यंत धाडधाड उतरला, मग म्हणाला, "आता तुम्ही करून दाखवा." नर्स हसली.

मग एका कागदावर घड्याळ काढायला दिलं. त्याने कागद लांब धरला, जवळ धरला, म्हणाला, "बाई, तुमच्या छापखान्याला सांगा, रेघा वाकड्या छापल्यात." आम्ही तिघंही हसलो. त्याने घड्याळ काढलं, काटे बरोबर जागी. नर्स म्हणाली, काही काळजी नको, डोकं शाबूत आहे.

येताना मला इतकं हलकं वाटलं की आईस्क्रीम घेतलं. डोकं शाबूत आहे, म्हणजे खांब खरंच फुगलाय. मीच मूर्ख, नवऱ्यावर संशय घेत होते.

सोमवार, १९ मे

खांब उतरवायचं ठरलं. डेल्मर म्हणाला, आपण झोपेत असताना ओसरीचं छप्पर खाली आलं तर? त्याला दोन रात्री नीट झोप नाही. आपण बांधलेलं घर आपल्या डोळ्यांदेखत कलतंय, हे त्याला सोसत नाही. मी म्हटलं, युसेबिओला बोलावू. "नको. माझं काम वाकडं निघालं हे त्याने बघायला नको." एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज असा बारीक कधी ऐकला नव्हता.

पहाटे पाचला सुरुवात. आधी तुळईखाली लाकडी टेकू दिले. मग तो शिडीवर, मी खाली. विटा फुटू न देता सोडवायच्या. दोनदा हातोडा छिन्नीवर न बसता त्याच्या अंगठ्यावर बसला. माल इतका घट्ट की छिन्नीचं टोक उडालं. मी म्हटलं, "इतका पक्का खांब, आणि म्हणे फुगला." तो म्हणाला, "पक्की माणसंच आधी वाकतात." आठपर्यंत सहा थर निघाले. मग ऊन.

शुक्रवार, २३ मे

पारा एकशे सातवर. माणसाला इतका ताप आला तर डॉक्टर बोलावतात. तीन थर.

मंगळवार, २७ मे

दुसरा खांब पूर्ण उतरला. ओसरी दात पडल्यासारखी दिसते. मी विटांवरचा माल खरवडून त्यांची रास लावली, कंबर धरली आहे.

मला वाटलं, झालं एकदाचं. पण संध्याकाळी डेल्मर अंगणात बसला, डावा डोळा मिटला, आणि मला त्याचा चेहरा उतरताना दिसला. "तिसराही चाललाय," म्हणाला. "आणि खिडकीची चौकट. मॅविस, सगळं घरच चाललंय."

मी त्याच्या शेजारी बसले आणि चौकटीकडे बघत राहिले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत बघितलं. आणि खरं सांगते, मलाही ती वाकडी दिसली. जराशी. आता काय करायचं? चौऱ्याहत्तराव्या वर्षी घर सोडून कुठे जायचं? मी त्याला म्हटलं, उद्या तिसऱ्याला टेकू देऊ. त्याने माझा हात धरला. बऱ्याच वर्षांनी धरला.

शनिवार, ३१ मे

आज जे झालं ते नीट लिहिते.

सातच्या सुमारास युसेबिओ पिशवीभर लिंबं घेऊन आला. आम्ही तिसऱ्या खांबाशी होतो. तो गाडीतून उतरला आणि तिथेच थांबला. तो अजून डेल्मरला मिस्त्री म्हणतो.

"मिस्त्री! हे काय केलंत? कुणी हात लावायला सांगितलं या खांबाला? याचा माल मी कालवलाय!"

"फुगला होता."

"खांब फुगत नसतात, मिस्त्री. माणसं फुगतात." आणि स्वतःच्या पोटावर थाप मारली. डेल्मर हसला नाही.

"तिसराही चाललाय. तूच बघ."

युसेबिओने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, म्हणजे हो, चाललाय. त्याने गाडीतून ओळंबा आणला, तिसऱ्या खांबाच्या वर खिळा ठोकला, दोरी सोडली. गोळा हलायचा थांबेपर्यंत आम्ही तिघं बघत उभे.

"केसाचा फरक नाही," युसेबिओ म्हणाला.

डेल्मरने डावा डोळा मिटला. बराच वेळ बघितलं. "दोरी नीट धर."

"मी कुठे धरलीय, मिस्त्री? खिळ्याला टांगलीय."

"मग वाकलीय ती. मधोमध. गुडघ्यासारखी."

युसेबिओने टोपी काढली, पुन्हा घातली. मग अगदी हळू म्हणाला, "मिस्त्री, ओळंब्याची दोरी वाकत नाही. तुम्हीच शिकवलंत मला."

डेल्मर तसाच उभा. मग त्याने तळहाताने उजवा डोळा झाकला आणि डाव्याने, त्या धुक्याच्या डोळ्याने, दोरीकडे बघितलं. मग डावा झाकला. मग परत उजवा. चारपाच वेळा. लहान मूल खेळतं तसं. मग काढलेल्या विटांच्या राशीवर जाऊन बसला.

"सरळ आहे," म्हणाला.

मला अजून कळलं नव्हतं. "काय सरळ आहे?"

"खांब, मॅविस. सगळे खांब. दुसराही सरळच होता."

युसेबिओने लिंबं स्वयंपाकघरात नेऊन ठेवली आणि जाताना माझ्याजवळ थांबला. "मॅविसबाई, यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. आजच." आज शनिवार. फोनवर यंत्र बोलत होतं, सोमवारी या.

मला ती चौकट वाकडी कशी दिसली?

बुधवार, ४ जून

सोमवारी फोन लागला, आजची वेळ मिळाली. टूसॉनपर्यंत एकशे तीस मैल, गाडी मी चालवली. गावापलीकडे मी कधी चालवलेली नाही. मोठे ट्रक शेजारून गेले की माझे खांदे कानांपर्यंत जात होते. डेल्मर शेजारी बसून सांगत होता, "घाबरू नकोस, सरळ जा, सरळ जा." त्याला रस्ता किती दिसत होता देव जाणे.

डॉक्टरीणबाई तरुण, शांत. तिने चौकटींचा कागद दाखवला. डेल्मरने बोट ठेवून सांगितलं, इथे रेघा वाकतात, इथे काहीच नाही, करडा डाग आहे. तिने यंत्रातून डोळ्याच्या आतलं चित्र काढलं. पडद्याच्या मधोमध बारीक रक्तवाहिन्या फुटल्यात, खाली वण धरलाय.

"रेघा वाकड्या कधीपासून दिसतायत?"

"आठवडा झाला असेल," डेल्मर म्हणाला.

मी पर्समधून ही वही काढली. डॉक्टरांचं बोलणं लिहून घ्यायला बरोबर ठेवली होती. पान उलटून वाचलं: सव्वीस एप्रिल, दुसरा खांब फुगलाय. मग थांबवेना. बावीस एप्रिल, कॉफी कपाबाहेर. बारीक अक्षर. कवडे. टपालाची पेटी. नर्सचा कागद. एकेक करून सगळं वाचलं. सगळं माझ्याच अक्षरात होतं.

डॉक्टरीणबाईची लेखणी थांबली होती. डेल्मर म्हणाला, "तू हे सगळं लिहून ठेवत होतीस?"

मी तिला विचारलं, "पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर?"

ती म्हणाली, "आता तो विचार करू नका." हे उत्तरच झालं.

गेलेलं परत येणार नाही. आणखी जाऊ नये म्हणून डोळ्यात सुई, दर महिन्याला. पहिली आजच दिली. मला बाहेर बसायला सांगितलं. मी भिंतीवरचं चित्र बघत बसले, कशाचं होतं ते आठवत नाही.

मंगळवार, १० जून

कॅरिन रोज फोन करते. इकडे या, खालची खोली रिकामी आहे, डॉक्टर दहा मिनिटांवर. डेल्मरपुढे फोन धरला तर म्हणाला, "तिथे सारखं ढगाळ असतं. मला जे दिसतं ते इथल्या उजेडात दिसतं." आणि फोन मला परत दिला. मी तिला म्हटलं, बघू. दुसरं काय म्हणणार? दर महिन्याला एकशे तीस मैल जायचे आणि तेवढेच यायचे. आज मला जमतंय.

तो दिवसभर कूलरपुढे बसतो. गाडीची किल्ली त्याने स्वतःच खिळ्यावरून काढून माझ्या पर्समध्ये टाकली. मी बघितलं नाही असं दाखवलं.

एक गोष्ट लिहावीशी वाटत नाही, पण लिहिते. तो माझ्याकडे बघत नाही. मी समोर जाऊन बोलले की मान वळवतो आणि फ्रिजकडे बघत उत्तर देतो. बोलतो नीट, आवाजात राग नाही, पण बघत नाही. त्या वहीमुळे असणार. मला सगळं दिसत होतं आणि मी नुसतं लिहीत बसले.

मंगळवार, १७ जून

युसेबिओ पाच दिवस पहाटे येऊन दुसरा खांब बांधतोय. अडुसष्ट वर्षांचा आहे, शिडीवर चढला की मला धडकी भरते. पैशांचं नाव काढलं तर म्हणाला, "मॅविसबाई, मला शिव्या द्या, पण हे नको."

डेल्मर बाहेर आला नाही. आत, खिडकीजवळ बसून थापीचा आवाज ऐकत होता. मधेच ओरडला, "माल सैल झालाय!" युसेबिओने थापी थांबवली, घमेल्यात बघितलं आणि माझ्याकडे बघून डोळे मोठे केले. खरंच सैल झाला होता. "हो, मिस्त्री!" म्हणाला आणि पुन्हा कालवला. मग पाठ वळवून बराच वेळ हात धूत राहिला.

गुरुवार, १९ जून

आजही तेच. मी जेवायला वाढलं आणि विचारलं, उसळ बरी झालीय का. "मस्त," म्हणाला, दाराकडे बघत. मी ताट उचलून आत गेले आणि नळ सोडून रडले. लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली. भांडलो आहोत, एकदा तर मी बहिणीकडे निघून गेले होते. पण मला पाहायचं त्याने कधी टाळलं नव्हतं.

रविवार, २२ जून

आज विचारलं.

सकाळची कॉफी झाली होती. तो टेबलाशी, मी समोर उभी. मी म्हटलं, "डेल्मर, मला बोल. शिव्या दे. मी वेळेवर तुला नेलं नाही, उलट तुझ्याबरोबर खांब पाडत बसले. पण हे तोंड फिरवणं मला सोसत नाही."

"कुठलं तोंड फिरवणं?"

"माझ्याकडे बघत नाहीस तू. दहा-बारा दिवस झाले. फ्रिजकडे बघतोस, दाराकडे बघतोस."

त्याने मान वळवली, पुन्हा दाराकडेच. मला वाटलं, झालं, आता कधीच बोलणार नाही.

"मॅविस," तो म्हणाला, "सरळ तुझ्याकडे बघितलं की तिथे भोक असतं. खांदे असतात, केस असतात, मधे कुणी नसतं. दाराकडे बघितलं की कडेला तू येतेस."

मीही दाराकडे बघितलं.

"म्हणून बघतो दाराकडे," म्हणाला. "तू बोलायला लागलीस की लगेच बघतो, नाहीतर तू निघून जातेस."

"आता दिसतेय?"

"जरा डावीकडे सरक."

मी सरकले.

"अजून थोडी. हां. आता डोळे दिसतात. तोंडही. रडतेयस."

"नाही," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला.

भांडी पडली होती, कूलरमध्ये पाणी घालायचं होतं, ऊन दारात येऊन ठेपलं होतं. मी जागची हलले नाही. डेल्मर दाराकडे बघत होता.